सॉकेटचे माप

माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला आता तीन वर्षे होऊन गेली. १४ जुलै २०२२ रोजी संध्याकाळी परळला भर पावसात रस्ता ओलांडताना एका टेम्पोचे चाक माझ्या पायावरून गेले. घोट्याचा आणि त्यावरच्या हाडांचा चुरा झाला होता, रक्तवाहिन्या जोडूनही पाऊल तग धरेना, आणि सहाव्या दिवशी डॉक्टरांनी पाय काढण्याचा निर्णय आम्हांला सांगितला. अपघाताची हकिगत एवढीच पुरे. त्यानंतर पुन्हा शाळेत फळ्यासमोर उभी राहीपर्यंत अकरा महिने गेले आणि त्यांतले तीन महिने केवळ एका चुकीच्या मापापायी वाया गेले. मला लिहायचे आहे ते त्या मापाविषयी. कृत्रिम पायांच्या बातम्यांत संगणकावर चालणारे गुडघे असतात, कार्बनची पावले असतात, मेंदूच्या इशाऱ्यावर हलणारी बोटे असतात. ज्याच्यावर सगळे चालणे टेकलेले असते तो सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पेल्यासारखा भाग, त्या बातम्यांत क्वचितच भेटतो. माझा स्वतःचा अनुभव असा आहे की पाय चालणार की कोपऱ्यात पडून राहणार, हे तिथेच ठरते.

मी शाळेत गणित शिकवते. आकडे लिहून ठेवण्याची सवय जुनी असल्याने रुग्णालयातच एक दोनशे पानी वही केली होती आणि ती आजही चालू आहे. पुढे जे आकडे येतील ते त्या वहीतले आहेत.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी एक गोष्ट मला नीट समजावून सांगितली, तिच्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गुडघा वाचवण्यासाठी ते इतकी खटपट का करत आहेत, हे त्यांनी आकड्यांत सांगितले. अपघातात गुडघ्याखाली पाय गमावलेल्या माणसाला चालताना पूर्वीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त शक्ती लागते; तोच पाय गुडघ्याच्या वर कापला गेला, तर हे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे जाते. आमची खोली लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना लाकडी, ३४ पायऱ्यांचा आहे. त्या पायऱ्यांचा हिशेब मी तिथेच, खाटेवर पडल्या पडल्या मांडला. गुडघ्याच्या वाटीखाली माझा जवळजवळ १५ सेंटिमीटर पाय राखला गेला. या उरलेल्या भागाला सगळे स्टंप म्हणतात. मीही तोच शब्द वापरते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण नंतरच्या दिवसांत जे सांगायला हवे होते ते कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर सासूबाई मोठ्या मायेने माझ्या गुडघ्याखाली उशी ठेवत असत. पाय उंचावर राहिला की ठणका कमी होई आणि मलाही बरे वाटे. तीन आठवड्यांनी फिजिओथेरपीच्या बाई घरी आल्या, त्यांनी आल्याबरोबर ती उशी काढून टाकली आणि पाय सरळ करून पाहिला, तेव्हा गुडघा पूर्ण सरळ होण्याआधीच अडला. कोनमापकावर १५ अंशांची तूट निघाली. गुडघा वाकलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहिला की मागचे स्नायू आणि शिरा आखडतात, आणि आखडलेल्या गुडघ्यावर कृत्रिम पाय सरळ उभा राहत नाही. मग दिवसातून तीन वेळा अर्धा अर्धा तास पालथे झोपायचे, मांडीचे स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा, असे सहा आठवडे केले, तेव्हा ती तूट भरून निघाली. सासूबाईंना त्या उशीचे फार वाईट वाटत राहिले. दोष त्यांचा नव्हता. रुग्णालयातून निघताना हातात दिलेल्या कागदावर औषधांच्या वेळा होत्या, उशीबद्दल एक ओळही नव्हती.

पट्टी बांधणेही त्याच बाईंनी शिकवले. क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखे तिरपे गुंडाळायचे, स्टंपच्या टोकाशी सर्वांत घट्ट आणि मांडीकडे जाताना सैल, आणि दर चार तासांनी सोडून पुन्हा बांधायचे. आडवे गोल वेढे दिले तर मधे आवळले जाऊन टोकाला सूज साठते. सूज उतरून स्टंप निमुळता होईपर्यंत सॉकेटचे माप घेण्यात अर्थ नसतो, म्हणून मी गुडघ्याच्या वाटीपासून खाली १० सेंटिमीटरवर शाईचा ठिपका केला आणि दर रविवारी सकाळी तिथला घेर मोजू लागले. पहिल्या रविवारी तो ३६.४ सेंटिमीटर होता.

याच काळात नसलेल्या पायाचे दुखणे सुरू झाले. रात्री दोनच्या सुमारास डाव्या पायाची करंगळी पिळवटली जाई, आणि हात लावायला जावे तर तिथे चादर असे. आता मला वेड लागते की काय, अशी भीती वाटून ही गोष्ट मी कितीतरी दिवस यजमानांनाही सांगितली नव्हती. याला नाव आहे आणि ते नाव दीडशे वर्षांचे जुने आहे, हे कळले तेव्हा अर्धे ओझे उतरले. अमेरिकेच्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी त्या वेदनेचे वर्णन करून तिला ‘फँटम लिंब’, म्हणजे भासणारा अवयव, म्हटले होते. मूळचे तमिळनाडूचे मेंदुशास्त्रज्ञ विलयानूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात तिच्यावर आरशाचा उपचार सुचवला. कपाटाचा उभा आरसा दोन पायांच्या मधे धरून मी उजव्या पायाची बोटे हलवत असे आणि आरशात डावी बोटे हलताना पाहत असे. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात पिळवटलेली करंगळी एका रात्री सुटल्यासारखी झाली. प्रत्येकाला याचा गुण येतोच असे नाही. कापलेल्या नसांची टोके मोकळी न सोडता जवळच्या स्नायूंच्या छोट्या नसांना जोडून देण्याची शस्त्रक्रियाही आता होते. शिकागोचे डॉ. टॉड कुइकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मूळ यांत्रिक हात चालवता यावा म्हणून विकसित केली; तिच्यामुळे नसांच्या गाठींचे दुखणेही कमी होते, हे पुढे लक्षात आले. पाय कापावा लागणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेआधीच या पर्यायाविषयी कोणी सांगावे, असे मला फार वाटते.

नोव्हेंबर २०२२मध्ये आम्ही उपनगरातील एका खाजगी केंद्रात गेलो. एकाच भेटीत प्लास्टर घेतले, आणि आठ दिवसांनी तयार पाय हातात दिला. तो दिसायला सुंदर होता, कातडीच्या रंगाचा, पोटरीला अगदी माझ्या उजव्या पायासारखा घाट दिलेला. ४५,००० रुपये भरून आम्ही तो घरी आणला. पहिल्या दिवशी मी तो ४० मिनिटे घातला. काढला तेव्हा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, जिथे पोटरीच्या बारीक हाडाचे वरचे टोक हाताला लागते, तिथे रुपयाएवढा लालभडक चट्टा होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोड झाला. केंद्रात फोन केला तेव्हा ‘सवयीने जाईल’ असे उत्तर मिळाले, म्हणून मी दात आवळून सवय करत राहिले. फोड फुटला, जखम झाली, जखम भरायला तीन आठवडे गेले. पुन्हा पाय घातला, पुन्हा फोड आला. मला वाटत राहिले की इतरांना जमते ते मला सोसवत नाही, म्हणजे मीच नाजूक आहे. तो पाय कपाटाच्या मागे गेला आणि फेब्रुवारीपर्यंत मी कुबड्यांवर राहिले.

त्या केंद्रात कोणी माझी वही पाहायला मागितली असती, तर त्यांना दिसले असते की नोव्हेंबरच्या चारही रविवारी घेर उतरतच होता: ३३.९, ३३.५, ३३.१, ३२.८. उतरत्या मापावर पक्का सॉकेट केला होता. आठ दिवसांत तो हातात आला, तेव्हाच तो सैल झालेला होता. मी त्यात जास्त खोल उतरत होते आणि हाडाचे टोक चुकीच्या जागी घासत होते.

फेब्रुवारीत एका सहकारी शिक्षिकेच्या सांगण्यावरून आम्ही हाजीअलीला गेलो. अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था तिथे १९५५पासून आहे. मुंबईत राहून मी तिच्यासमोरून शेकडो वेळा बसने गेले असेन, पण आत काय चालते हे कधी मनात आले नव्हते. लालबागहून टॅक्सी ऑर्थर रोड, सात रस्ता करत जाई, यजमान कुबड्या सांभाळत शेजारी बसत. संस्थेच्या रांगेत पहिल्या दिवशी माझ्या पुढे रेल्वेखाली हात गमावलेला एक विशीतला मुलगा होता आणि मागे मधुमेहाने पाय गेलेले कुर्ल्याचे एक भाजीविक्रेते. आम्ही तिघेही त्या सकाळी एकमेकांच्या जखमांविषयी इतक्या मोकळेपणाने बोललो, की तसे घरच्यांशीही कधी बोललो नव्हतो.

तपासणाऱ्या प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञ, तिशीच्या असाव्यात. त्यांनी आधी जुना पाय घालायला लावला, दोन पावले चालवले, लगेच काढला आणि कातडीकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “मॅडम, दुखतं तिथे बोट ठेवा. थोडंसं दुखतं, जरा दुखतं, असं सांगू नका. बोट ठेवा.” मी बोट ठेवले. त्यांनी त्याच जागी आपला अंगठा दाबला आणि पायात खालपर्यंत वीज गेली. त्या हाडाच्या टोकाला वळसा घालून एक नस जाते. सॉकेटने तिथे कधीही दाब द्यायचा नसतो, ही या विद्येतील अगदी प्राथमिक गोष्ट आहे, असे त्यांनी मला सांगितले. दुखण्यात माझा काही दोष नव्हता, हे कळायला तीन महिने आणि एक अंगठा लागला.

जखम पूर्ण भरून घेर तीन आठवडे स्थिर राहीपर्यंत त्यांनी माप घेतले नाही. मार्चमध्ये वही पाहून, ३१.६ हा आकडा सलग तीन रविवारी आल्याची खात्री करून, त्यांनी प्लास्टरचा दिवस दिला.

त्या दिवशीचे काम मी बारकाईने पाहिले. आधी स्टंपवर पातळ सुती मोजा चढवला. मग ओल्या हाताने पुसली न जाणारी एक जांभळी पेन्सिल घेऊन त्यांनी माझ्या पायाचा जणू नकाशा काढला: गुडघ्याची वाटी, तिच्याखालचा जाड स्नायुबंध, नडगीची धार, नडगीचे कापलेले टोक, आणि ते बाहेरच्या बाजूचे हाड, त्याच्याभोवती दोनदा गोल. त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या, आणि प्लास्टर आवळू लागताच दोन्ही अंगठे वाटीच्या खाली, स्नायुबंधाच्या दोन बाजूंना, टेकवून बाकीची बोटे गुडघ्याच्या मागच्या खळग्यात धरली. चार-पाच मिनिटे त्या तशाच वाकून उभ्या होत्या. प्लास्टर तापत होते, त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्या हलत नव्हत्या. साचा काढला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला जांभळा नकाशा उमटला होता.

पुढचे काम कार्यशाळेत होते. तिथल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना सगळे मामा म्हणत. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी मला स्टूल देऊन बसवले आणि काम करता करता समजावून सांगितले. पोकळ साच्यात प्लास्टर ओतून माझ्या स्टंपची भरीव प्रतिमा केली होती आणि मामा कानशीने ती तासत होते. मी गणिताने विचार करून म्हटले की जिथे दुखते तिथे तासत असाल. मामा म्हणाले, “उलटं आहे, ताई. जिथे तासतो तिथे सॉकेट आत येणार, म्हणजे तिथे भार पडणार. जिथे दुखतं तिथे मी प्लास्टर चढवणार, म्हणजे तिथे सॉकेट फुगेल आणि हाडाला जागा मिळेल.” वाटीखालचा स्नायुबंध आणि नडगीच्या आतल्या बाजूचा रुंद भाग दाब सोसतात, म्हणून तिथे तासायचे, नडगीची धार, तिचे टोक आणि बाहेरचे हाड दाब सोसत नाहीत, म्हणून तिथे काही मिलिमीटर चढवायचे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात या पद्धतीची घडण झाली आणि जगभर गुडघ्याखालच्या पायांसाठी ती आजही शिकवली जाते. माझ्या पहिल्या पायात बाहेरच्या हाडावर हे चढवणेच झाले नव्हते. ते काही मिलिमीटर प्लास्टर म्हणजे माझे तीन महिने होते.

माझ्यासाठी मात्र त्यांनी या पद्धतीत सिलिकॉनच्या लायनरची, म्हणजे सॉकेटच्या आत घालायच्या मोज्याची, भर घातली. आइसलँडचे ओसुर क्रिस्टिनसन हे स्वतः जन्मतःच पायात व्यंग असलेले प्रोस्थेटिस्ट होते. १९८०च्या दशकात त्यांनी स्टंपवर उलटून चढवायचा सिलिकॉनचा मोजा आणला. तो कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे घासणे कातडी आणि सॉकेट यांच्यात न होता लायनर आणि सॉकेट यांच्यात होते, आणि भारही ठरावीक जागांऐवजी बराचसा सगळ्या पृष्ठभागावर वाटला जातो. गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनातून माझ्यासारख्यांच्या अंगाला थेट लागलेली गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी या मोज्याचे नाव घेईन. माझ्या लायनरच्या टोकाला खाचांची एक धातूची पिन आहे. पाय घालून उभे राहिले की ती सॉकेटच्या तळातील कुलपात टिक टिक करत एकेक खाच उतरते.

पक्का सॉकेट करण्याआधी पारदर्शक प्लॅस्टिकचा एक कच्चा सॉकेट केला. तो घालून मी पॅरलल बारमध्ये, म्हणजे आधाराच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, उभी राहिले आणि प्रोस्थेटिस्ट जमिनीवर बसून, टॉर्चच्या उजेडात, आरपार माझी कातडी पाहत होत्या. जिथे दाब जास्त तिथे कातडी पांढरी पडते. नडगीच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसला. त्यांनी बाहेरून खूण केली, सॉकेट काढला, गरम हवेने ती जागा नरम करून थोडी बाहेर ढकलली आणि पुन्हा घालायला लावला. असे सात वेळा झाले. नंतर त्यांनी मुलांच्या खेळण्यातील मातीची छोटी गोळी सॉकेटच्या तळाशी ठेवली. मी उभी राहून उतरल्यावर ती गोळी नाण्यासारखी चपटी झाली होती आणि तिच्यावर माझ्या स्टंपच्या टोकाचा ठसा होता. गोळी गोलच राहिली असती, तर तळाशी पोकळी आहे असा अर्थ झाला असता, आणि पोकळीत सूज साठून कातडी जाड व काळी पडते. एवढी अचूक चाचणी एवढ्या साध्या वस्तूने होते, याचे मला गणित शिकवणारी म्हणून विशेष कौतुक वाटले.

पावलाच्या निवडीत मला वाटले होते त्यापेक्षा जास्त विचार करावा लागला. परदेशात बूट घालूनच घरात वावरतात, म्हणून तिकडची बरीच पावले बुटाच्या टाचेची उंची धरून बसवतात. टाच असलेल्या बुटावर जुळवलेला पाय चपला काढून घातला, तर टाच खाली जाते, नडगी मागे कलते आणि गुडघा मागे ढकलल्यासारखा होतो. आमच्या घरात उंबऱ्यापाशी चपला निघतात. मला दिवसातून दहा वेळा चपला काढायच्या होत्या. ही अडचण आपल्याकडे फार पूर्वी कोणी तरी ओळखली होती: १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबर आणि लाकूड वापरून असे पाऊल केले, की ते घालून अनवाणी चालता येते, शेतात उतरता येते, उकिडवे बसता येते. १९७५मध्ये जयपूरला सुरू झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते देशभर पोहोचवले. दुसरीकडे, १९७६मध्ये पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स या अमेरिकन तरुणाने कार्बनचे स्प्रिंगसारखे पाऊल घडवले. टाच टेकताना साठवलेली शक्ती ते पाऊल उचलताना परत देते. मी दोन्ही प्रकार घालून पाहिले. कार्बनच्या पावलावर चालणे खरोखरच हलके वाटले, पण त्याची किंमत आम्हांला परवडणारी नव्हती आणि मला अनवाणी चालण्याची सोय हवी होती. मी रबरी पाऊल घेतले. २०२५मध्ये संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेने आणि बीबीनगरच्या एम्सने मिळून देशी बनावटीचे कार्बनचे पाऊल पुढे आणले आहे, आणि आयात केलेल्या पावलाच्या दोन लाखांच्या आसपासच्या किमतीऐवजी ते वीस हजारांच्या आत बसेल असा अंदाज दिला गेला आहे. ते खरोखर संस्थांच्या खिडकीवर आले, तर पुढच्या वेळी मी नक्की विचार करीन.

चालायला शिकण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो सरावाचा भाग आहे. दोन वजनकाटे शेजारी ठेवून दोन्हींवर सारखा भार येईपर्यंत उभे राहायचे, हे मला सर्वांत उपयोगी पडले, कारण मनाला सारखे वाटते तेव्हा काटा डावीकडे १४ किलो कमी दाखवत असे. जिन्याचा नियम एवढाच: चढताना धड पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. २९ एप्रिलला मी ३४ पायऱ्या कठडा धरून स्वतः चढले. गॅलरीत सगळी बिऱ्हाडे बाहेर येऊन उभी होती आणि कोणी बोलत नव्हते.

१५ जूनला शाळा सुरू झाली, आणि त्याच महिन्यात पावसाळा. मुंबईच्या दमट हवेत सिलिकॉनच्या आत घाम साठतो. अकरा वाजेपर्यंत लायनर कातडीवरून सरकू लागतो आणि पाय खाली ओढल्यासारखा वाटतो. मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत पडदा ओढून मी पाय काढते, स्टंप आणि लायनर कोरडे पुसते आणि पुन्हा घालते. रात्री लायनर सौम्य साबणाने धुऊन वाळत ठेवावा लागतो. दिवसभरात स्टंप आटतो, तेही मोजता येते. सकाळी उभी राहिल्यावर पिन सात वेळा टिक करते, दुपारी तीनला नऊ वेळा. दोन खाचा जास्त म्हणजे मी तेवढी खोल उतरले आणि हाडाचे टोक पुन्हा चुकीच्या जागी येणार, म्हणून तेव्हा टोकाला भोक असलेला लोकरीचा एक मोजा लायनरवरून चढवायचा. हा हिशेब मला कोणत्याही पुस्तिकेत मिळाला नव्हता. तो वहीतून निघाला, आणि प्रोस्थेटिस्टना दाखवला तेव्हा त्यांनी त्या पानाची प्रत ठेवून घेतली.

जानेवारी २०२४पर्यंत घेर २९.९वर आला आणि चार मोजे चढवूनही पाय हलू लागला, तेव्हा नवा सॉकेट करावा लागला. पहिल्या दीड वर्षात स्टंप असाच आटतो. माझा पगार आहे, म्हणून मी खर्च करू शकले. कुर्ल्याच्या त्या भाजीविक्रेत्यांना अपंगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पाय मिळाला होता. नऊ महिन्यांत तो सैल झाला, आणि त्या योजनेचा नियम असा की मागच्या तीन वर्षांत त्याच कारणासाठी मदत घेतलेली नसावी. लहान मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची ठेवली आहे, कारण मुले वाढतात. नुकताच कापलेला पायही बदलत असतो, मुलांच्या उलट दिशेने. पहिल्या सॉकेटनंतर वर्षभरात दुसरा सॉकेट हा त्याच उपचाराचा भाग मानला गेला पाहिजे. गाडीवर दिवसभर उभे राहणाऱ्या मधुमेही माणसाच्या पायाला सैल सॉकेटने जखम झाली, तर काय होऊ शकते हे निराळे सांगायला नको.

संशोधनाकडे मी आता याच नजरेने पाहते. स्वीडनमध्ये १९९०पासून मांडीच्या हाडात टायटॅनियमचा खांब बसवून त्यालाच पाय जोडण्याची शस्त्रक्रिया होत आली आहे. त्यात सॉकेटच लागत नाही, आणि ज्यांना कोणताच सॉकेट सोसत नाही त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. पण खांब कातडीतून बाहेर येतो ती जागा आयुष्यभर जपावी लागते, आणि गुडघाभर पाण्यातून घरी जाणाऱ्या माणसाला ते कसे साधेल, याची मला काळजी वाटते. बोस्टनमध्ये २०१६मध्ये पहिल्यांदा झालेली शस्त्रक्रिया मला अधिक जवळची वाटते. स्वतः दोन्ही पाय गमावलेले संशोधक ह्यू हर यांच्या गटाने तिची कल्पना मांडली. पाय कापतानाच पुढचा आणि मागचा स्नायू एकमेकांना जोडून ठेवतात, त्यामुळे एक आवळला की दुसरा ताणला जातो आणि नसलेले पाऊल कसे वळले आहे ही जाणीव मेंदूला मिळत राहते. शल्यविशारदाने टाक्यांच्या वेळी केलेला हा विचार पुढे चालण्यापर्यंत पोहोचतो.

गेल्या महिन्यात एका परिचितांबरोबर मी दुसऱ्या एका केंद्रात गेले होते. तिथे प्लास्टरऐवजी हातात मावणारे यंत्र स्टंपभोवती फिरवून काही मिनिटांत पडद्यावर त्याची प्रतिमा उतरवली. मग तिथल्या तरुणाने माउसने वाटीखालचा भाग आत दाबला आणि बाहेरच्या हाडावर थोडा फुगवटा दिला. मामांनी कानशीने केले तेच, त्याच जागी. प्रतिमा साठवली जाते, म्हणून आटलेल्या स्टंपची जुन्याशी मिलिमीटरपर्यंत तुलना होऊ शकते. प्लास्टरच्या साच्याने ते जमत नव्हते. यंत्र फिरवण्याआधी त्या तरुणाने अंगठ्याने हाडे चाचपून कातडीवर खुणा केल्या, हे मी मुद्दाम पाहून घेतले.

परवा हाजीअलीला लायनर बदलण्यासाठी गेले, तेव्हा ते भाजीविक्रेते पुन्हा भेटले. तीन वर्षांची मुदत संपायला त्यांना अजून पाच महिने आहेत, आणि एका सेवाभावी मंडळाने मधल्या काळासाठी सॉकेट देण्याचे कबूल केले आहे. “बाई, ती तुमची वही कशी आखता ते दाखवा,” असे ते म्हणाले. मी त्यांच्या उधारीच्या वहीत मागच्या पानापासून रकाने आखून दिले: तारीख, घेर, सकाळचे मोजे, दुपारचे मोजे, कातडीवर खूण आहे की नाही. शिंप्याची टेप मी पर्समध्ये ठेवतेच. त्यांनी बाकावर बसून पँट वर केली, वाटीपासून १० सेंटिमीटर मोजून ठिपका केला, टेप गुंडाळली आणि पहिल्या ओळीत स्वतःच्या हाताने लिहिले: ३४.२.